जेम्स औट्रम

लेफ्टनंट जनरल सर जेम्स औट्रम (जन्म : २९ जानेवारी १८०३, बटर्ली, डर्बीशायर, इंग्लंड, मृत्यू : ११ मार्च १८६३, पो, फ्रान्स) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील सेनाधिकारी व राजकीय अधिकारी होते. सिंध, बडोदा, अवध आणि इराण येथील कामगिरीमुळे, तसेच १८५७ च्या उठावातील लखनौच्या मोहिमेमुळे त्यांचे नाव इतिहासात प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र त्यांच्या आयुष्यातील १८२५ ते १८३५ हा खानदेशातील काळ सर्वांत महत्त्वाचा ठरतो. या दहा वर्षांत त्यांनी भिल्ल तरुणांची पलटण उभारली आणि माणसे व गुरे मारणाऱ्या हिंस्र पशूंचा बंदोबस्त हे आपल्या कामाचे एक मुख्य अंग मानले. चाळीसगाव व कन्नड यांच्या दरम्यानचा औट्रम घाट आणि त्याला लागून असलेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य ही नावे त्यांच्यावरून पडली आहेत.

== जन्म व बालपण ==

जेम्स यांचे वडील बेंजामिन औट्रम हे नामांकित स्थापत्य अभियंता होते. कालवे आणि घोड्यांनी ओढावयाच्या गाड्यांसाठी लोखंडी मार्ग बांधण्यात त्यांचा हातखंडा होता. बटर्ली येथील लोखंडाचा कारखाना स्थापन करणाऱ्या भागीदारांपैकी ते एक होते. १८०५ साली त्यांचे अकाली निधन झाले. व्यवहार अपुरे राहिल्यामुळे कुटुंबाची सांपत्तिक स्थिती एकाएकी खालावली. त्या वेळी जेम्स अवघे दोन वर्षांचे होते.

आई मार्गारेट या स्कॉटलंडमधील शेतीविषयक लेखक व अर्थचिंतक डॉ. जेम्स अँडरसन यांच्या कन्या. मुलांना घेऊन त्या स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीन येथे राहिल्या. वडिलांनी आपल्या लेखनातून देशाची सेवा केली आहे, तेव्हा त्यांच्या मुलीची उपेक्षा होऊ नये, असा आग्रह त्यांनी सत्ताधाऱ्यांपुढे धरला आणि स्वतःसाठी निवृत्तिवेतन मिळविले. जेम्स यांचे शिक्षण ॲबर्डीनच्या परिसरात झाले. १८१८ मध्ये ते तेथील मॅरिशल महाविद्यालयात दाखल झाले. पुढच्याच वर्षी त्यांना कंपनीच्या मुंबई फौजेत कॅडेट म्हणून नेमणूक मिळाली.

== भारतात आगमन ==

ऑगस्ट १८१९ मध्ये औट्रम मुंबईस पोहोचले, तेव्हा त्यांचे वय सोळा वर्षांचे होते. पेशवाईचा अस्त होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. अंगाने किरकोळ आणि उंचीने ठेंगणे असे हे पोर भारताच्या हवेत टिकेल, असे कोणास वाटत नव्हते. पहिली काही वर्षे ते वारंवार आजारी पडत. प्रत्येक दुखण्यातून उठल्यावर मात्र त्यांची प्रकृती अधिक काटक होत गेली. घोड्यावर बसणे, भाल्याने रानडुकराची शिकार करणे आणि लांबच लांब मजला मारणे यांत त्यांनी लवकरच नाव मिळविले.

१८२५ मध्ये त्यांची पलटण मालेगाव येथे होती. त्याच वर्षी बागलाणातील मुल्हेर किल्ला बंडखोरांनी काबीज केला. मोठी फौज व तोफा येईपर्यंत थांबण्याऐवजी औट्रम यांनी थोड्या शिपायांसह रातोरात मजल मारून किल्ल्यावर अचानक हल्ला केला आणि बंडखोरांना पांगविले. या कामगिरीमुळे ते मुंबई सरकारच्या नजरेत भरले. त्याच सुमारास सरकार खानदेशातील एका अवघड कामासाठी माणूस शोधत होते.

== खानदेशाची तत्कालीन स्थिती ==

खानदेश म्हणजे स्थूलमानाने आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे. उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस सह्याद्री आणि दक्षिणेस सातमाळ व अजिंठ्याच्या डोंगररांगा, मध्ये तापीचे काळे कसदार खोरे, अशी या प्रदेशाची रचना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून शिंदे-होळकरांच्या लढाया, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या यांनी हा मुलूख उद्ध्वस्त झाला. गावेच्या गावे ओस पडली. पडीत शेतात आधी गवत, मग बोरी-बाभळी आणि पुढे दाट झाडोरा वाढला. जेथे पूर्वी नांगर फिरत होता, तेथे वाघ वावरू लागला.

१८१८ मध्ये कंपनीने खानदेश ताब्यात घेतला व कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे येथून कारभार सुरू केला. त्या वेळी उजाड गावे पुन्हा वसविण्याच्या मार्गात दोन मोठे अडथळे होते. एक, डोंगरातून उतरून गावे लुटणाऱ्या टोळ्यांचा आणि दुसरा, हिंस्र पशूंचा. १८२२ साली खानदेशात हिंस्र पशूंनी ५०० माणसे आणि २०,००० गुरे मारली, अशी माहिती खानदेश जिल्हा गॅझेटियरमध्ये दिली आहे. त्या काळच्या शेतकऱ्याजवळ बैलजोडीखेरीज दुसरे भांडवल नसे. मृग नक्षत्राच्या तोंडावर एक बैल वाघाने नेला, तर नांगरट राही, पेरणी चुके आणि कुटुंब सावकाराच्या दारी जाई. चार घरांवर अशी वेळ आली की गाव पुन्हा उठे. म्हणून सरकारच्या दृष्टीने वाघाचा प्रश्न हा शेतसाऱ्याचाही प्रश्न होता.

डोंगरातील भिल्लांच्या वाट्यालाही अन्यायच आला होता. पूर्वी गावांची व घाटांची राखण करण्याबद्दल भिल्ल नाईकांना ठरावीक हक्क मिळत. अंदाधुंदीच्या काळात हे हक्क बुडाले. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत बाळाजी लक्ष्मण या अधिकाऱ्याने भिल्लांना कोपरगाव येथे विश्वासाने बोलावून त्यांची कत्तल केली. अशा अनुभवामुळे कोणत्याही सरकारच्या शब्दावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. कंपनीनेही आरंभीची सात वर्षे फौजा पाठवून पाहिल्या. रोगट जंगलात शिपाई मरत आणि टोळ्या हाती लागत नसत.

== भिल्ल कोअर ==

मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२५ मध्ये धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन करण्यात आल्या. भिल्लांना जमीन, बैल व तगाई देऊन शेतीकडे वळवावे आणि त्यांच्यातील धाडसी तरुणांची एक पलटण उभारून त्यांच्याच हाती प्रदेशाची राखण सोपवावी, अशी ही योजना होती. दक्षिणेकडील एजन्सीचे ठाणे कन्नड येथे होते व ती चार्ल्स ओव्हान्स यांच्याकडे होती. ईशान्य भागाची एजन्सी आणि पलटण उभारण्याचे काम औट्रम यांच्याकडे आले. त्यांनी धरणगाव (आता जळगाव जिल्हा) येथे आपले ठाणे केले. त्या वेळी ते बावीस वर्षांचे होते.

भरतीला कोणी येईना. पलटणीत घेऊन आपल्याला दूरदेशी पाठवतील किंवा एकत्र जमवून मारतील, असा संशय सर्वत्र होता. औट्रम पहारेकरी न घेता एकटेच नाईकांच्या वस्त्यांवर गेले, त्यांच्यात राहिले, त्यांच्याबरोबर शिकारीला निघाले व त्यांच्या मद्यपानाच्या बैठकींतही सामील झाले. अखेर पाच जण तयार झाले. या पाच जणांपासून ही पलटण सुरू झाली आणि पुढे तिची संख्या शेकड्यांत गेली.

औट्रम यांनी काही गोष्टी काटेकोरपणे पाळल्या. पगार वेळेवर व प्रत्यक्ष हातात द्यावयाचा, कवायतीत घाई करावयाची नाही आणि दिलेला शब्द मोडावयाचा नाही. मालेगावच्या छावणीत या पलटणीची गाठ नियमित फौजेशी पडली, तेव्हा इतर शिपाई भिल्लांना हिणवतील अशी भीती होती. परंतु औट्रम यांच्या जुन्या पलटणीतील शिपायांनी भिल्लांना पानसुपारी देऊन बरोबरीने वागविले. जातिभेदाच्या त्या काळात या प्रसंगाचा भिल्लांच्या मनावर खोल परिणाम झाला. ज्या घाटांतून वाटसरू जीव मुठीत धरून जात, त्या घाटांची राखण थोड्याच वर्षांत भिल्ल कोअर करू लागली.

== हिंस्र पशूंचा बंदोबस्त ==

=== कार्यपद्धती ===

औट्रम यांच्या खानदेशातील वास्तव्यात त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी मारलेल्या वाघांची संख्या दोनशेच्या जवळपास जाते. याशिवाय बिबटे, अस्वले व रानरेडे वेगळे. हा आकडा आज धक्का देणारा वाटतो. तत्कालीन गावकऱ्याला मात्र तो आश्वासक वाटे. वाघाने गुरे उचलल्याची वर्दी आली की औट्रम किंवा त्यांची माणसे निघत, हे कळल्यावर गावे स्वतःहून वर्दी पाठवू लागली.

शिकारीचा खरा हंगाम चैत्र-वैशाखाचा. नदीनाल्यांचे पाणी आटून मोजके डोह उरत. उन्हाने हैराण झालेला वाघ अशा डोहाजवळच्या करवंदीच्या किंवा जांभळीच्या गर्द सावलीत दिवस काढी. त्यामुळे त्याचा ठाव लागणे सोपे जाई. पहाटे भिल्ल माग्या ओल्या वाळूतील पंजाचे ठसे पाहून नर की मादी, ठसा रात्रीचा की आदल्या दिवसाचा, जनावर पोटभर खाल्लेले की उपाशी, हे सांगत. गिधाडांच्या घिरट्या, माकडांचा व मोरांचा ओरडा यांवरून मारलेल्या जनावराची जागा कळे. वाघ नाल्यात आहे अशी खात्री झाली की बाहेर पडण्याच्या वाटांवरील झाडांवर माणसे बसत आणि हाकारे ढोल बडवीत, आरोळ्या देत एका बाजूने रान हाकीत येत.

त्या काळच्या बंदुका तोंडाकडून ठासावयाच्या असत. बार उडाल्यावर पुन्हा दारू, गोळी व गज यांत मोलाचा वेळ जाई. वाघ जखमी होऊन झुडपात शिरला, तर त्याच्या मागे जाणे हे सर्वांत धोक्याचे काम. जखमी वाघ मागे सोडून परतायचे नाही, हा औट्रम यांचा नियम होता, कारण असा वाघ शिकार करण्यास असमर्थ होऊन माणसांवर घसरण्याची शक्यता असते. ते बहुधा पायी शिकार करीत. एकदा वाघाने त्यांच्यावर झडप घातली आणि दोघेही उतारावरून गडगडत खाली आले, त्या अवस्थेत त्यांनी पिस्तूल काढून वाघाला ठार केले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात येते. दुसऱ्या एका प्रसंगी भिल्लांनी आपल्या पागोट्यांचे व कमरबंदांचे दोर करून त्यांना गुहेच्या तोंडाशी लोंबकळत ठेवले आणि त्यांनी तेथून वाघावर नेम धरला, असे सांगितले जाते. अशा गोष्टी वस्तीवस्तीवर पसरत गेल्या आणि औट्रम यांना सैन्यबळाने मिळाला नसता असा दबदबा मिळाला.

=== भिल्लांचा वाटा ===

चरित्रकारांनी या शिकारींचे श्रेय प्रामुख्याने औट्रम यांना दिले आहे. तथापि या कामाचा कणा भिल्लांचे ज्ञान हाच होता. माग काढणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, हाक्याची रचना ठरविणे आणि निःशस्त्र हातांनी ढोल वाजवीत वाघाच्या अंगावर चालून जाणे ही कामे भिल्लांचीच होती. हाकाऱ्याजवळ फार तर तिरकमठा किंवा कुऱ्हाड असे. वाघ उलटला तर पहिला घाव त्याच्यावर पडे. ज्यांची गुरे जात त्या शेतकऱ्यांचे आणि डोंगरातील भिल्लांचे संबंध वर्षानुवर्षे लुटालुटीमुळे बिघडलेले होते. गावावर धाड घालणारा भिल्ल आता गावाचे गोधन राखण्यासाठी येतो, हे दृश्य शेतकऱ्याला नवीन होते. पलटणीच्या कवायतीइतकाच या कामानेही दोन समाजांतील दुरावा कमी केला.

=== परिणाम ===

डोंगरपायथ्याची ओस गावे हळूहळू पुन्हा वसली, पडीत जमीन लागवडीखाली आली आणि तापीच्या खोऱ्यात ज्वारी, बाजरी व कापूस यांचे क्षेत्र वाढत गेले. लागवड वाढली तसा झाडोरा तुटला आणि वाघाचे लपण कमी झाले. औट्रम यांच्यानंतरच्या अधिकाऱ्यांनीही वाघ मारण्याचे काम चालू ठेवले व सरकारी इनामामुळे स्थानिक शिकाऱ्यांचीही त्याला जोड मिळाली. १८८० साली गॅझेटियर प्रसिद्ध झाले, तोवर खानदेशाच्या सपाट भागातून वाघ नाहीसा होऊन डोंगराळ भागापुरता उरला होता.

या धोरणात गुरे मारणारा वाघ, माणसे मारणारा वाघ आणि रानातील सांबर-चितळांवर जगणारा वाघ असा भेद केला जात नसे. वाघ दिसला की तो मारावयाचा, एवढाच नियम होता. वाघ व बिबटे हे रानडुकरे आणि हरणे यांच्या संख्येवर अंकुश ठेवतात, म्हणजे एका अर्थाने पिकांची राखणच करतात, हा विचार त्या काळच्या कारभारात नव्हता.

== खानदेशातील इतर मोहिमा ==

१८३० मध्ये औट्रम यांनी भिल्ल कोअर व इतर तुकड्या घेऊन डांगच्या दाट जंगलात मोहीम काढली आणि तेथील राजांना कंपनीची सत्ता मान्य करावयास लावली. पुढील वर्षी यावल-सावदा भागातील दरोड्यांचा तपास करून त्यांनी मोठ्या संख्येने संशयितांना पकडले. १८३३ मध्ये सातपुड्यापलीकडील बडवानी संस्थानातील उठाव त्यांनी मोडला. या मोहिमांत भिल्लांनी भिल्लांविरुद्ध शस्त्र उचलले, ही गोष्ट भिल्ल कोअरच्या इतिहासात नोंद घेण्यासारखी आहे. १८३५ मध्ये औट्रम यांची बदली गुजरातेत झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई येथे त्यांचा विवाह मार्गारेट क्लेमेंटिना अँडरसन यांच्याशी झाला.

== उत्तरकाल ==

=== गुजरात, अफगाणिस्तान व सिंध ===

गुजरातेतील महीकांठा भागात राजकीय एजंट म्हणून काम केल्यावर औट्रम १८३८-३९ मध्ये पहिल्या अफगाण युद्धात गेले. कलात जिंकल्यावर त्याची बातमी घेऊन ते अफगाण वेशात शत्रूच्या प्रदेशातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आले. पुढे सिंधमध्ये राजकीय एजंट असताना सर चार्ल्स नेपियर यांच्या आक्रमक धोरणाला त्यांनी विरोध केला. सिंधच्या अमीरांवर अन्याय होत आहे, असे त्यांचे मत होते. तरीही १५ फेब्रुवारी १८४३ रोजी हैदराबाद (सिंध) येथील रेसिडेन्सीवर बलुची सैन्य चालून आले, तेव्हा त्यांनी थोड्या शिपायांनिशी तिचे रक्षण केले. नेपियर यांनीच पूर्वी त्यांना बायार्ड या निष्कलंक फ्रेंच वीराची उपमा दिली होती व ती त्यांना कायमची चिकटली. सिंधच्या लुटीतील आपला हिस्सा त्यांनी स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय संस्थांना वाटून टाकला. सिंध प्रकरणावर त्यांनी ग्रंथ लिहून नेपियर यांच्यावर टीका केली. हा वाद अनेक वर्षे चालला.

=== दक्षिण महाराष्ट्र, सातारा व बडोदा ===

१८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचे बंड झाले. सामानगड व पन्हाळा येथील लढायांत आणि त्यानंतर सावंतवाडीच्या डोंगरी भागातील मोहिमेत औट्रम यांनी भाग घेतला. १८४५ मध्ये ते साताऱ्याचे रेसिडेंट झाले. तेथे ते ज्यांच्या जागी आले, ते चार्ल्स ओव्हान्स म्हणजे खानदेशातील कन्नड एजन्सीचे त्यांचे जुने सहकारीच होते.

१८४७ मध्ये त्यांची नेमणूक बडोदा येथे झाली. बडोद्याच्या दरबारात मुंबई सरकारच्या अधिकाऱ्यांना लाच देऊन कामे करून घेतली जातात, अशी सर्वत्र समजूत होती. या प्रकाराला खटपट असे नाव होते. औट्रम यांनी त्याची चौकशी करून कठोर शब्दांत अहवाल पाठविला. त्यामुळे मुंबई सरकार नाराज झाले व १८५१ मध्ये त्यांना बडोद्याहून दूर करण्यात आले. पुढे वरिष्ठ पातळीवर त्यांची बाजू मान्य होऊन १८५४ मध्ये त्यांना पुन्हा बडोद्यास पाठविण्यात आले.

=== अवध, इराण व १८५७ चा उठाव ===

एडनमधील अल्पकाळाच्या कामानंतर औट्रम लखनौचे रेसिडेंट झाले. फेब्रुवारी १८५६ मध्ये नवाब वाजिद अली शाह यांना पदच्युत करून अवध खालसा करण्यात आले, तेव्हा तो हुकूम अमलात आणण्याचे काम त्यांच्याकडेच होते. सिंधच्या विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या अधिकाऱ्याने अवधच्या विलीनीकरणाची अंमलबजावणी करावी, ही त्यांच्या आयुष्यातील मोठी विसंगती मानली जाते.

१८५७ च्या आरंभी इराणविरुद्धच्या युद्धाचे सेनापतिपद त्यांनी सांभाळले. तेथून परतल्यावर त्यांना लखनौच्या सुटकेसाठी पाठविण्यात आले. पदाने श्रेष्ठ असूनही त्यांनी मोहिमेचे नेतृत्व जनरल हॅवलॉक यांच्याकडे राहू दिले व स्वतः स्वयंसेवक म्हणून लढले. २५ सप्टेंबर १८५७ रोजी हे सैन्य लखनौच्या रेसिडेन्सीत शिरले. नोव्हेंबरमध्ये सर कॉलिन कॅम्पबेल यांची कुमक आल्यावर औट्रम यांनी मार्च १८५८ पर्यंत शहराबाहेरील आलमबागेची जागा धरून ठेवली. अवधच्या तालुकदारांच्या जमिनी सरसकट जप्त करण्याच्या जाहीरनाम्याला त्यांनी हरकत घेतली आणि त्याची कठोरता कमी करण्याचा आग्रह धरला.

== निवृत्ती व निधन ==

१८५८ मध्ये त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली. कलकत्ता येथे गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलमध्ये काही काळ काम केल्यावर १८६० मध्ये ते प्रकृतीच्या कारणाने भारत सोडून गेले. ११ मार्च १८६३ रोजी दक्षिण फ्रान्समधील पो या गावी त्यांचे निधन झाले. लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबी येथे त्यांचे दफन करण्यात आले.

== मूल्यमापन ==

औट्रम यांच्या समकालीनांनी त्यांना निःस्पृह, उदार व शूर अधिकारी म्हणून गौरविले. बडोद्यातील प्रकरण आणि सिंधच्या लुटीचा त्याग यांमुळे हे मत निराधार वाटत नाही. परंतु त्यांचे खानदेशातील कार्य केवळ वैयक्तिक शौर्याची कथा म्हणून पाहणे अपुरे ठरते. भिल्ल कोअरमुळे अनेक भिल्ल कुटुंबांना नियमित वेतन, जमीन व काही प्रमाणात प्रतिष्ठा मिळाली. त्याच वेळी डोंगर आणि जंगल यांवरील त्यांचा जुना स्वायत्त अधिकार संपुष्टात आला. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्यासारख्या नेत्यांच्या मागे हजारो भिल्ल कंपनीविरुद्ध उभे राहिले, यावरून असंतोष पूर्ण मावळला नव्हता हे दिसते. भिल्ल कोअर पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलीस दलात विलीन झाली.

हिंस्र पशूंच्या बंदोबस्ताबाबतही असाच दुहेरी विचार करावा लागतो. शेतकऱ्याचे बैल वाचविणे ही खरी गरज होती व ती भागविण्यासाठी औट्रम आणि त्यांच्या भिल्ल साथीदारांनी जीव धोक्यात घातला. तक्रारीची त्वरित दखल, स्थानिक जाणकारांवर विश्वास आणि जखमी जनावराचा पाठपुरावा या त्यांच्या कामातील गोष्टी आजही उपयुक्त आहेत. मात्र वाघ नाहीसा करणे हाच एकमेव उपाय मानल्यामुळे एका मोठ्या प्रदेशातील वन्यजीवनाचा समतोल कायमचा बदलला.

== स्मारके व औट्रम घाट ==

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी औट्रम यांचा पुतळा आहे. शिल्पकार जॉन हेन्री फोली यांनी केलेला त्यांचा अश्वारूढ पुतळा कोलकाता येथे व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात आहे. कोलकात्यातील हुगळीकाठचा औट्रम घाट आणि सिंगापूरमधील औट्रम हा भाग यांनाही त्यांचे नाव मिळाले आहे.

महाराष्ट्रातील औट्रम घाट हा कन्नड घाट या नावानेही ओळखला जातो. मराठवाड्याच्या पठारावरून खानदेशात उतरणारी ही महत्त्वाची वाट आहे. सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, येडशी, बीड, छत्रपती संभाजीनगर, कन्नड, चाळीसगाव, धुळे असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ याच घाटातून जातो. घाटाच्या परिसरातील सुमारे २६० चौरस किलोमीटर वनक्षेत्र १९८६ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्य म्हणून जाहीर झाले. ज्यांच्या नावावर जवळपास दोनशे वाघांची शिकार आहे, त्यांचेच नाव वन्यजीवांच्या आश्रयस्थानाला मिळाले आहे. मार्च २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून गौताळ्यात पोहोचला. अनेक दशकांनंतर या डोंगरात वाघाची नोंद झाली.

== आजचा संदर्भ ==

डिसेंबर २०२४ मध्ये याच महामार्गालगतच्या धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यातही टिपेश्वरहून आलेला वाघ स्वयंचलित कॅमेऱ्यात टिपला गेला. बालाघाटच्या डोंगरातील हे अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे आहे. त्यामुळे वाघाचा वावर धाराशिव व बार्शी भागातील शिवारांपर्यंत गेला व गाई-वासरे मारली गेली. औट्रम यांच्या काळात अशा वर्दीचे उत्तर बंदुकीने दिले गेले असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आता वाघाला संपूर्ण संरक्षण आहे. माणसाच्या जिवाला धोका निर्माण झाला, तरी आधी त्याला जिवंत पकडण्याचा प्रयत्न करावा लागतो. धाराशिवातही वनविभागाच्या पथकांनी या वाघाला बेशुद्ध करून पकडण्याचे प्रयत्न केले.

वनविभागाचे कर्मचारी आज पावलांचे ठसे मोजतात, कॅमेऱ्यातील छायाचित्रांवरील पट्ट्यांवरून नेमका कोणता वाघ हे ओळखतात, मारलेल्या जनावराचा पंचनामा करतात आणि शेतकऱ्याला शासनाकडून नुकसानभरपाई मिळावी यासाठी प्रस्ताव पाठवितात. साधने व कायदा बदलला असला, तरी मूळ प्रश्न तोच आहे. गोठ्यातील जनावर गेलेल्या शेतकऱ्याला वेळेवर दिलासा मिळाला, तरच तो शेजारच्या रानातील वाघाला सहन करू शकतो. आणि ओल्या मातीतील ठसा वाचणारी स्थानिक नजर, जी औट्रम यांच्या काळात भिल्ल माग्याजवळ होती, ती आजही या कामात तितकीच लागते.